पिवळ्या विमानाचे माहेर

आमच्या सोसायटीच्या आवारात दर दिवाळीला पोरे किल्ला करतात. गेल्या वर्षी राजगड करायचा असे ठरले. चार दिवस विटा, माती, गोणपाट आणि स्वतःचे कपडे ह्यांचा एकजीव चिखल केल्यावर राजगड उभा राहिला. अळीव उगवले, महाराज सिंहासनावर बसले, मावळे जागोजाग पहाऱ्याला लागले. धनत्रयोदशीच्या सकाळी मी दूध आणायला खाली उतरलो आणि पाहतो तो काय, पद्मावती माचीवर एक पिवळेधमक विमान उतरलेले!

"अरे, महाराजांच्या वेळी विमाने होती काय?" मी आमच्या नातवाला विचारले.

"आजोबा, माचीखाली ट्रॅफिक पोलीस उभा आहे. त्याला तुम्ही काही बोलला नाहीत," चिरंजीव म्हणाले.

ह्यावर काय बोलणार? मी खाली वाकून ते विमान पाहू लागलो आणि दूध विसरलो. वीतभर लांबी. पंख डोक्यावर छत्रीसारखे धरलेले. पुढे दोन चाके, शेपटीखाली एक इवलेसे चाक. अंग पिवळे आणि कुशीवरून विजेसारखी वाकडी होत गेलेली काळी रेघ. आमच्या नातवाला ते कुठले विमान, ह्याचा पत्ता नव्हता. दुकानदारालाही नसावा. पण मी ते ओळखले. ते 'पायपर कब' होते.

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेदोनशे उतारूंना पोटात घेऊन जाणारे धूड येते. ती बनवणारे कारखाने जगप्रसिद्ध आहेत, त्यांचे नफेतोटे रोज वर्तमानपत्रात येतात. पण दोन-चार माणसांना नेणारी, एका एंजिनाची, गवतावरही उतरणारी छोटी विमाने बनवणाऱ्यांची एक निराळीच दुनिया अमेरिकेत होती. १९४६ ह्या एका वर्षात तिथे सुमारे ३५,००० विमाने तयार झाली आणि त्यातली बहुतेक सारी छोटी होती. १९७८ साली आकडा होता १७,८११. आणि १९९४ साली? अवघी ९२८! एखाद्या धंद्याचे दिवाळे निघाले की आपण म्हणतो, माल वाईट असेल, मालक उधळे असतील. इथे माल फार चांगला होता. इतका चांगला की तो मरायलाच तयार नव्हता, आणि तेच मालकाच्या मुळावर आले. दिवाळीच्या दिवसांत दिवाळ्याची गोष्ट सांगू नये म्हणतात. पण ह्या सदराला धरबंध नाही, हे आमच्या वाचकांना जुनेच ठाऊक आहे.

पेन्सिल्व्हेनिया राज्यात ब्रॅडफर्ड नावाचे गाव आहे. तेलाच्या विहिरींचे गाव. तिथे विल्यम पायपर नावाचे एक तेलवाले गृहस्थ राहत. त्यांना विमानातले काही कळत नव्हते. त्याच सुमाराला रॉचेस्टर शहरातले क्लॅरन्स आणि गॉर्डन टेलर हे दोघे भाऊ छोटी विमाने बनवू पाहत होते. १९२८ साली आपलेच विमान उडवताना धाकटा गॉर्डन गेला. थोरल्याने धंदा सोडला नाही. ब्रॅडफर्डच्या व्यापाऱ्यांनी भांडवल देऊ केले म्हणून तो कारखाना घेऊन तिकडे गेला. पायपरसाहेबांच्या भागीदाराने त्यांना न विचारताच त्यांच्या नावावर थोडे भाग घेऊन टाकले. असे भागीदार आपल्याकडेही असतात. फरक एवढाच की पायपरसाहेब नंतर कारखान्यात जाऊन बसू लागले.

१९२९ साली शेअरबाजार कोसळला. पुढच्या वर्षी टेलरच्या कंपनीने हात वर केले आणि लिलाव पुकारला गेला. पायपरनी सारी मालमत्ता ७६१ डॉलरना उचलली. मग त्यांनी टेलरलाच पुन्हा बोलावले, अर्धी मालकी दिली आणि सांगितले की बाबा, साधे, हलके आणि स्वस्त विमान कर. मोठ्या विमानांना त्या मंदीत गिऱ्हाईक नव्हते. पायपरांचा हिशेब असा, की ज्याला उडायला शिकायचे आहे त्याला पहिली गरज तासाला कमी पैसे पडतील अशा विमानाची असते.

पहिल्या विमानाला वीस अश्वशक्तीचे एक एंजिन बसवून पाहिले. त्याचे नाव 'टायगर किटन', म्हणजे वाघाचे छोटे पिल्लू. म्हणून विमान 'कब', म्हणजे बछडा. नाव छान जमले, पण एंजिनात विमान नीट उचलण्याइतकाही जीव नव्हता. ते काढून दुसरे बसवले. एंजिन गेले, नाव राहिले.

पुढे भांडण झालेच. टेलर आजारी असताना वॉल्टर जॅमूनो ह्या तरुण एंजिनिअराने विमानाचे कोपरे गोलसर केले, रूप सुधारले. टेलर परत येऊन पाहतो तर आपले लेकरू भलत्याच कपड्यांत! त्याने त्या पोराला काढून टाकले, पायपरनी त्याला परत घेतले आणि टेलर कायमचा निघून गेला. त्याने ओहायोत आपला वेगळा कारखाना थाटला. कोणाची बाजू खरी? मला विचाराल तर मन टेलरकडे ओढते. भावाचा जीव गेलेल्या धंद्यात माणूस हट्टी होणारच. पण विमान जॅमूनोचे अधिक चांगले दिसत होते, ह्याला इलाज नाही.

१९३७ च्या मार्चमध्ये ब्रॅडफर्डचा कारखाना आगीत जळाला. पायपरनी आपले बिऱ्हाड पेन्सिल्व्हेनियातच, लॉक हेवन नावाच्या नदीकाठच्या गावी हलवले. तिथे एक रेशमाची गिरणी बंद पडून रिकामी होती. गिरण्यांच्या मुंबईत राहणाऱ्याला बंद गिरणीचे काय काय होते ते सांगायला नको. त्या गिरणीत मात्र विमाने होऊ लागली, आणि गावातली माणसे कामाला लागली. त्या गिरणीतून बाहेर पडले तेच हे पिवळे विमान, 'जे-३ कब'.

त्याची रचना आमच्या आजीलाही समजली असती. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर सुती कापड ताणून शिवलेले, आणि कापडावर खळीसारखा रोगणाचा थर देऊन ते ढोलक्यासारखे घट्ट केलेले. पुढे चाळीस, नंतर पन्नास आणि पासष्ट अश्वशक्तीचे एंजिन. ते चालू करायला बटण नाही. खाली उभे राहून हाताने पंखा फिरवायचा आणि चटकन मागे सरायचे. दोन बैठका, एकीमागे एक. एकटा माणूस उडणार असेल तर त्याने मागच्या बैठकीवर बसायचे, नाही तर तोल बिघडतो. पेट्रोल किती उरले हे पाहायला घड्याळ नाही. टाकीत बुचाचा एक तुकडा तरंगतो, त्यात खोवलेली तार टाकीच्या झाकणातून वर डोकावते. तार खाली खाली जाऊ लागली की आपणही खाली जावे. वेग ताशी पाऊणशे मैल. दार उघडे टाकून उडता येते, त्यामुळे उन्हाळ्यात गारवा. किंमत हजार-तेराशे डॉलर. १९४७ पर्यंत अशी सुमारे २०,००० कब विमाने बाहेर पडली.

महायुद्ध जवळ आले तसे अमेरिकन सरकारने कॉलेजातल्या तरुणांना विमान शिकवण्याची मोठी योजना काढली. त्या योजनेत तयार झालेल्या वैमानिकांपैकी तीन-चतुर्थांश जण कबवर शिकले. पुढे बाँबफेकी विमाने चालवणारे कितीतरी जण आधी ह्या कापडी बछड्याच्या पाठीवर बसून आले होते. सैन्याने हेच विमान हिरव्या रंगात घेतले, 'ग्रासहॉपर' म्हणजे नाकतोडा असे नाव ठेवले आणि शत्रूच्या तोफा कुठे आहेत हे हेरायला वापरले.

युद्ध संपले आणि सगळ्यांच्याच डोक्यात वारे शिरले. हजारो तरुण विमान शिकून घरी आलेले, खिशात पैसा, सरकार शिक्षणाची फी द्यायला तयार. आता घरोघरी मोटारीशेजारी विमान उभे राहणार, असे शहाणीसुरती माणसे बोलू लागली. न्यूयॉर्कच्या मेसीज ह्या भल्यामोठ्या दुकानात, जिथे लुगडी-भांडी मिळावीत तिथे, 'एरकूप' नावाचे विमान विक्रीला मांडले गेले! कारखान्यांनी तीन-तीन पाळ्या लावल्या. १९४६ चा तो ३५,००० चा आकडा ह्या धुंदीतला.

धुंदी वर्षभरात उतरली. विमान घेतले, पण ठेवायचे कुठे? विमानतळ गावाबाहेर, तिथवर मोटारीने जायचे. उडून दुसऱ्या गावी उतरले की तिथे मोटार नाही. ढग आले, धुके पडले की घरी बसा. आईबाबा आणि दोन मुले असा संसार, आणि बैठका दोन. त्यात सरकारने युद्धातली जुनी विमाने मातीमोल भावात विकायला काढली. ज्यांना खरोखर विमान हवे होते त्यांनी ते एव्हाना घेतलेही होते, आणि ते मोडत नव्हते. १९४७ साली खप निम्म्याहून खाली आला. १९५१ साली अमेरिकेतले सारे नागरी उत्पादन अडीच हजार विमानांच्याही खाली गेले. टेलरचा कारखाना बुडाला, स्विफ्ट विमान बनवणारी ग्लोब कंपनी बुडाली, लस्कम बुडाली. एरोंका कंपनीने १९५१ साली छोटी विमाने बनवणेच सोडले.

लॉक हेवनला कारखान्याच्या कोठारात कबचे सुटे भाग पडलेले, वर सावकारांचा तगादा. सावकारांनी आपला माणूस आणून बसवला. तेव्हा पायपरच्या मंडळींनी आपल्या घरातली बाई करते तेच केले. जुन्या नऊवारीतून पोरीचे परकर-पोलके निघावे तसे कबच्या शिल्लक भागांतून एक आखूड पंखांचे विमान काढले. त्याचे नाव 'व्हॅगाबाँड', म्हणजे भटक्या. पहिल्या भटक्याला धक्के सोसायला चाकावर स्प्रिंग नव्हती. टायरमधली हवा हीच काय ती गादी. पण किंमत दोन हजार डॉलरांच्या आत होती. त्या विमानाने कंपनी तारली.

आता थोडे दुसऱ्या एका गावाकडे जाऊ. ह्या धंद्याची खरी पंढरी लॉक हेवन नव्हे, कॅन्सस राज्यातले विचिटा. सपाट माळरान, भरपूर वारा. १९२५ साली तिथे वॉल्टर बीच, लॉइड स्टिअरमन आणि क्लाइड सेसना ह्या तिघांनी मिळून 'ट्रॅव्हल एअर' ही कंपनी काढली. सेसना मुळात शेतकरी. १९११ साली पडत-झडत स्वतःच उडायला शिकलेला. तीन तऱ्हेवाईक माणसे एका छपराखाली किती दिवस नांदणार? दोन वर्षांत स्टिअरमन आणि सेसना बाहेर पडले. मंदीत सेसनाच्या कारखान्याला कुलूप लागले. ते १९३४ साली त्याचा भाचा ड्वेन वॉलेस ह्याने उघडले. पगाराला पैसे नसत तेव्हा हा भाचा आपलेच विमान शर्यतीत उडवून बक्षिसे आणी. बीचने १९३२ साली बायकोच्या साथीने नवी कंपनी काढली. ही बाई, ऑलिव्ह ॲन बीच, मूळची ट्रॅव्हल एअरमधली हिशेबनीस. १९५० साली नवरा वारल्यावर तिने कंपनीची सूत्रे हातात घेतली आणि ती अशी चालवली की आमच्या चाळीतल्या कोणत्याही काकूंनी तिला आपल्या पंक्तीला बसवून घेतले असते.

सेसनाचे '१७२' हे चार बैठकांचे विमान १९५६ साली बाजारात आले आणि धंद्याला दुसऱ्यांदा बहर आला. ह्याचे तिसरे चाक शेपटीखालून काढून नाकाखाली आणले होते, त्यामुळे उतरताना घसरगुंडी होण्याची भीती कमी. आजवर अशी ४४,००० हून अधिक विमाने झाली आहेत. इतके खपलेले दुसरे विमान जगात नाही. ते किती चिवट, ह्याची एक हकीकत सांगतो.

लास व्हेगास शहरात एक नवे हॉटेल निघाले होते. त्याच्या जाहिरातीसाठी रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघे ४ डिसेंबर १९५८ रोजी एका जुन्या '१७२' मध्ये बसून उडाले ते ७ फेब्रुवारी १९५९ रोजी खाली उतरले. चौसष्ट दिवस, बावीस तास आणि एकोणीस मिनिटे! वाळवंटातल्या सरळ रस्त्यावरून एक ट्रक पळे, त्याच्यावर अगदी खाली येऊन विमान त्याच वेगाने उडे, आणि दोरीने नळी वर ओढून घेत पेट्रोल भरले जाई. जेवण हॉटेलच्या स्वयंपाकघरातून येई. थर्मासच्या तोंडातून आत जावे म्हणून पदार्थांचे बारीक तुकडे केलेले. मधेच कुठे उतरले नाहीत हे सिद्ध करायला उड्डाणानंतर लगेच धावत्या मोटारीतून त्यांच्या चाकांना रंग फासला होता. एकदा हाकणाऱ्या टिमला झोप लागली; स्वयंचलित यंत्रणेने विमान तासाभराहून अधिक वेळ आपले आपण नेले. विक्रम अजून अबाधित आहे आणि ते विमान लास व्हेगासच्या विमानतळावर टांगून ठेवले आहे. ह्या चौसष्ट दिवसांत त्या दोघांत बोलणे किती उरले असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

पण कारखानदाराच्या जागी बसून ही हकीकत वाचा. मोटार दहा-पंधरा वर्षांत भंगारात जाते, म्हणून दुसरी खपते. पावसाळ्यागणिक छत्री मोडते म्हणून छत्रीवाल्याचा संसार चालतो. विमानाचे तसे नाही. कायद्याने त्याची वरचेवर तपासणी होते. दोनएक हजार तास चालले की एंजिन खोलून नवे करतात, कापड जुने झाले की नवे चढवतात, झिजलेला भाग तेवढा बदलतात. वीस वर्षांचे विमान नव्याइतकेच उडते आणि नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. म्हणजे कारखान्याने विकलेले प्रत्येक विमान उद्या त्याच कारखान्याच्या दारात प्रतिस्पर्धी म्हणून उभे! यंदाच्या किल्ल्यासाठी नवे विमान आणू का, असे मी नातवाला विचारले, तर तो म्हणाला, "कशाला? जुने चांगले आहे." खेळण्यांच्या दुकानदाराला हे वाक्य ऐकवू नका.

आपल्याकडे चिरंजीवांत अश्वत्थामाही आहे. त्याला मरण नाही, पण कपाळावरची जखमही बरी होत नाही. तो दारोदार तेल मागत फिरतो. ह्या विमानांच्या चिरंजीवपणालाही अशीच एक जखम होती. ती उघडी पडली कोर्टात.

अमेरिकेतला कायदा असा झाला की वस्तूत दोष असेल आणि त्याने इजा झाली, तर वस्तू करणाऱ्याने भरपाई द्यावी; वस्तू कितीही जुनी असली तरी. कायदा गरिबाच्या बाजूचा आहे आणि मला तो मुळात वाईट वाटत नाही. दोष असूनही लपवणारे कारखानदार जगात थोडे नाहीत. पण छोट्या विमानांपुढे त्याचे विचित्र रूप झाले. १९८३ साली न्यू मेक्सिको राज्यात एका वैमानिकाने आपल्या 'सुपर कब' मध्ये पुढच्या बैठकीच्या जागी सिनेमाचा कॅमेरा बसवला. स्वतः मागे बसला. तिथून समोरचे नीट दिसत नाही. मागे दोरीने ग्लायडर बांधलेले. त्याने उडू नये म्हणून धावपट्टीच्या मालकाने धावपट्टीवरच मोटारगाडी आडवी लावली होती. विमान तिच्यावर आदळले. बिचारा जन्माचा जायबंदी झाला. कज्जा चालला तेव्हा ज्यूरीने विमानाच्या रचनेत दोष काढला! त्या माणसाचे दुःख खरे होते, त्याच्या बायकोमुलांचा खर्च खरा होता, आणि ज्यूरीतल्या लोकांना ते समोर दिसत होते. गाडी आडवी घालणाऱ्यापेक्षा कारखान्याचा खिसा मोठा, हेही दिसत असणार.

बीच कंपनीने १९८३ ते १९८६ मधल्या २०३ अपघातांचा हिशेब काढला. सरकारी तपासात एकाही अपघाताला विमानाची बांधणी कारण ठरली नव्हती. तरी प्रत्येकात दावा कंपनीवर होताच. हिशेब कंपनीचाच, तेव्हा मीठ घालून घ्यावा. पण विम्याचे ओझे खरे होते. देशात सुमारे दोन लाख छोटी विमाने, काही तीस-चाळीस वर्षांपूर्वीची. त्या साऱ्यांची जोखीम नव्या विमानांच्या किमतीत घालायची. नवी विमाने सतरा हजार होती तोवर ओझे वाटले जाई. हजारांवर आली तेव्हा एकेकाच्या डोक्यावर डोंगर. म्हणून किंमत वाढे, म्हणून खप घटे, म्हणून किंमत पुन्हा वाढे.

सारा दोष वकिलांच्या माथी मारणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. त्याच वर्षांत पेट्रोल महागले, कर्जाचे व्याज भडकले, नव्या विमानावर मिळणारी करातली सवलत १९८६ साली गेली. आणि खरे सांगायचे तर कारखान्यांनी तीस वर्षे तेच विमान रंग बदलून विकले. ज्याच्या घरी जुने होते त्याने नवे का घ्यावे?

१९८६ साली सेसनाने एका एंजिनाची छोटी विमाने बनवणे थांबवले. गंमत पाहा: पुढच्याच वर्षी, २८ मे १९८७ रोजी, माटियास रुस्ट नावाचे अठरा वर्षांचे एक जर्मन पोर भाड्याच्या '१७२' मध्ये बसून हेलसिंकीहून निघाले आणि साऱ्या सोव्हिएट संरक्षणाच्या नाकाखालून मॉस्कोच्या लाल चौकाशेजारी उतरले. सोव्हिएट संरक्षणमंत्र्यांची नोकरी गेली. जगातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात सेसनाचे छायाचित्र छापून आले, फुकट. आणि सेसनाकडे विकायला विमान नव्हते!

अखेर १९९४ च्या ऑगस्टमध्ये नवा कायदा झाला. विमान अठरा वर्षांहून जुने असेल तर सहसा कारखान्यावर दावा नाही. सेसनाने १९९६ साली कॅन्ससमध्येच नवा कारखाना उघडून '१७२' पुन्हा सुरू केले. धंदा जगला, सतरा हजारांचा आकडा मात्र परत आला नाही. जे '१७२' पहिल्याने नऊ हजार डॉलरांच्या आत मिळे, ते आज चार लाखांच्या वर गेले आहे. आणि १९२७ साली वेगळे झालेले बीच आणि सेसना २०१४ पासून टेक्स्ट्रॉन ह्या एकाच मालकाच्या घरी आहेत. भाऊ भांडून वेगळे झाले, नातवंडे भाड्याच्या खोलीत एकत्र आली, तसे.

ह्या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. छोटी विमाने सोडून दिलेल्या त्या एरोंका कंपनीच्या 'चीफ' विमानावरून बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एक दोन बैठकांचे विमान झाले. ते १९५८ साली प्रथम उडाले. कारखान्याच्या विमानरचनेची धुरा तेव्हा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉ. विष्णु माधव घाटगे ह्यांच्याकडे होती; गटिंगेनला प्रांटल ह्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस. विमानाचे नाव ठेवले 'पुष्पक'. पुराणातल्या पुष्पकात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामी राहते म्हणतात. ह्यात दोघे बसले की तिसऱ्याने धावपट्टीवरून हात हलवावा. अशी सुमारे १६० विमाने झाली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून त्यांवर पोरे शिकली. आणि अगदी अलीकडे कॅप्टन अमोल यादव ह्यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा बैठकांचे विमान बांधले. ते २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि त्याची सरकारी नोंदणी २०१७ च्या नोव्हेंबरात झाली. पायपरना रिकामी गिरणी तरी मिळाली होती.

लॉक हेवनचे काय झाले? १९६९ साली दोन मोठ्या कंपन्या पायपर कंपनी गिळायला एकमेकींवर तुटून पडल्या. कज्जा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. घराण्याच्या हातून कंपनी गेली आणि १९७० च्या जानेवारीत म्हातारे पायपरही गेले. १९७२ च्या जूनमध्ये नदीला महापूर आला. कारखान्यात पाणी शिरले, उभी विमाने आणि साचे खराब झाले. 'कोमँची' नावाचे देखणे विमान त्या पुरानंतर पुन्हा बनलेच नाही. काम हळूहळू फ्लॉरिडातल्या व्हीरो बीचला गेले होते. १९८४ साली लॉक हेवनचा कारखाना बंद झाला. ज्या गावात आजा, बाप आणि मुलगी एकाच कारखान्यात कापड शिवत आणि नळ्या जोडत, तिथे भोंगा वाजायचा थांबला. पुढे कंपनीच्या एका नव्या मालकाने विमा न उतरवता किमती खाली आणून पाहिल्या. मागण्या आल्या, पण खर्च निघेना. १९९१ साली कंपनीने कोर्टात दिवाळे जाहीर केले. १९९५ साली ती नव्या नावाने उभी राहिली, ती फ्लॉरिडातच.

लॉक हेवनला आता त्या कंपनीचे एक संग्रहालय आहे, आणि धावपट्टीला म्हाताऱ्या पायपरांचे नाव आहे. कारखाना बंद झाल्यावर दोनच वर्षांनी, १९८६ पासून, तिथे दर जूनमध्ये एक मेळावा भरतो. देशाच्या कानाकोपऱ्यातून जुनी पिवळी विमाने येतात. कोणी ताशी पाऊणशे मैलांनी दोन-दोन दिवस उडत, वाटेत तारेवर नजर ठेवून पेट्रोल भरत. ती नदीकाठच्या गवतावर ओळीने उभी राहतात, आणि मालक पंखाखाली तंबू ठोकून झोपतात. सकाळी कोणीतरी पंखा हाताने फिरवतो, एंजिन खोकते, धरते; आणि ते विमान ज्या गिरणीत जन्मले त्या गिरणीच्या गावावरून एक फेरी मारून पुन्हा गवतावर उतरते.